फाटकाबाहेरची गाडी, फाटकाआतली परसबाग

आपल्या सोसायटीच्या पंचवीस वर्षांचा इतिहास या स्मरणिकेत इतर सभासद लिहीत आहेतच. प्लॉट कसा मिळाला, नोंदणीसाठी किती फेऱ्या झाल्या, विहिरीला पाणी केव्हा लागले, हे सगळे त्यांच्याकडून वाचायला मिळेल. संपादक मंडळाने मला सांगितले, "बाई, तुम्ही शाळेत इतिहास शिकवलात, तुम्ही जरा मागचं काहीतरी लिहा." मागचं म्हणजे किती मागचं, ते मात्र कोणी सांगितलं नाही. म्हणून मी विषय घेतला तो रोजच्या खाण्याचा. आपण काय खात आलो, ते कोण पिकवत होतं, कोण शिजवून देत होतं, आणि ते चांगलं आहे की नाही हे आपण कसं ठरवत होतो.

विषय निवडायला एक निमित्तही आहे. गेल्या वार्षिक सभेत एक सूचना आली होती, ती सर्वांना आठवत असेल. रौप्यमहोत्सवानिमित्त फाटकाजवळचा भाग सुशोभित करावा आणि तिथली वडापावची गाडी व भाजी घेऊन बसणाऱ्या मावश्या यांना हलवण्यासाठी नगरपंचायतीला पत्र द्यावे. कारण दिले गेले अस्वच्छतेचे. चर्चा लांबली, आवाजही चढले आणि निर्णय पुढच्या सभेवर गेला. त्या सभेला येण्यापूर्वी हा लेख वाचावा, एवढीच विनंती.

कचेरी आली, मागून बाजार आला

आपल्या तालुक्याचे नाव संगमेश्वर आणि तहसील कचेरी देवरुखात, याचे बाहेरच्या पाहुण्याला नेहमी कोडे पडते. पूर्वी तालुक्याचे ठाणे संगमेश्वरलाच होते. १८७८ मध्ये तिथे मोठी आग लागली आणि त्यानंतर ठाणे देवरुखात आले. नाव जुनेच राहिले.

कचेरी आली की मागोमाग पक्षकार येतात, वकील येतात, दस्त लिहिणारे येतात. सह्याद्रीच्या पायथ्याच्या एखाद्या वाडीतला माणूस पहाटे निघून तारखेला हजर होणार, तर त्याच्या दुपारच्या खाण्याचं काय? आधी याचे उत्तर होते फडक्यात बांधलेली भाकरी आणि चटणी. मग चहाची दुकाने आली, खानावळी आल्या, भजीच्या कढया आल्या. तालुक्याच्या कुठल्याही गावी जा, रस्त्यावरचे खाणे हे कचेरी, एस.टी. स्टँड, दवाखाना आणि शाळा यांच्या आसपासच सापडेल. घरापासून लांब आलेल्या माणसाला कमी पैशात पोटभर मिळावे, ही त्यामागची गरज. चैन नंतर आली.

भाजी विकत घेणे ही तर आणखी अलीकडची गोष्ट. आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पण जांभ्या दगडाची जमीन ते पाणी धरून ठेवत नाही. त्यामुळे परसबागेचे वर्षाचे वेळापत्रक ठरलेले. मृगात आळी करायची, मांडव घालायचे. श्रावणापासून पडवळ, दोडका, कारली, काकडी. मोऱ्यांच्या पाण्यावर अळू आणि केळी. थंडीत विहिरीच्या नाहीतर पऱ्याच्या पाण्यावर मुळा, लाल माठ, वांगी, वाल. शिवाय रानातून येणारा टाकळा, भारंगी, कुर्डू. घराला पुरून उरे ते शेजारी जाई, त्यातूनही उरे ते पाटीत घालून आठवडा बाजारात. म्हणजे पूर्वी भाजीवाली आणि परसबागवाली या दोन वेगळ्या बायका नव्हत्याच. आपल्या फाटकावर बसणाऱ्या मावश्या आजही बऱ्याच अंशी त्याच आहेत. त्यांच्या पाटीतल्या माठाच्या मुळांना लागलेली माती त्यांच्याच परड्यातली असते.

हात कोणाचा आणि हात कसा

आता थोडे अवघड बोलते. "बाहेरचं खाऊ नये" हे वाक्य आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकले आहे. पण शंभर वर्षांपूर्वी त्या वाक्याचा अर्थ आजच्यासारखा नव्हता. पाणी उकळलं होतं का, हात धुतले होते का, हे कोणी विचारत नसे. विचारत ते एवढेच, की करणारा कोण जातीचा. शुद्ध आणि स्वच्छ हे दोन वेगळे शब्द आहेत, पण आपल्या समाजाने ते फार काळ एकच मानले.

याचा सर्वांत मोठा धडा आपल्या कोकणातच आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे सत्याग्रही चवदार तळ्याचे पाणी प्यायले. ते तळे सार्वजनिक होते. त्यानंतर काही सनातन्यांनी पंचगव्याची मडकी ओतून तळ्याचे 'शुद्धीकरण' केले. पिण्याच्या पाण्यात शेण आणि गोमूत्र घालणे याला शुद्धी म्हटले गेले! शाळेत हा धडा शिकवताना मुले हमखास विचारायची, "बाई, मग ते पाणी घाण नाही झालं?" मुलांना जे चटकन कळायचं ते मोठ्यांना कळायला कोर्टाची दहा वर्षे लागली, सत्याग्रहींच्या बाजूने हायकोर्टाचा निकाल १९३७ साली आला.

आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणीही असा प्रयत्न झाला. रत्नागिरीत स्थानबद्ध असताना सावरकरांनी १९३३ मध्ये 'अखिल हिंदू उपाहारगृह' सुरू करवले. कोणत्याही जातीच्या हिंदूने येऊन एकत्र बसून चहा-फराळ घ्यावा, हा त्याचा हेतू. आज आपण स्टँडवर चहा पिताना कप कोणी धुतला हे विचारत नाही, ही सवय आपोआप लागलेली नाही. त्यासाठी कोणीतरी भांडलेले आहे.

हे सगळे इथे का, असे वाटेल. सभेत कोणी जातीचे नाव काढले नाही, ही चांगलीच गोष्ट. पण "या लोकांचं काही सांगता येत नाही" हे वाक्य दोन-तीन वेळा कानावर आले. 'ही लोकं' म्हटले की तपासायचे काही उरत नाही. तेच "त्यांच्या बादलीतलं पाणी किती वेळचं आहे?" असे विचारले, तर लगेच काहीतरी करता येते. अन्नसुरक्षा या शब्दाचा सगळा अर्थ त्या दुसऱ्या प्रश्नात आहे.

देवरूखकरांना हे सांगायला मी कोण? इंदिराबाई हळबे म्हणजे आपल्या मावशींनी १९५४ मध्ये इथे मातृमंदिर सुरू केले, तेही एका छोट्या प्रसूतिगृहापासून. कोणाच्या घरची बाई आली हे न पाहता सेवा करायची आणि स्वच्छतेत मात्र जराही सूट द्यायची नाही, हे दोन्ही एकाच वेळी करता येते, हे या गावाने डोळ्यांनी पाहिले आहे.

गिरणगावातून आलेला वडा

फाटकावरच्या गाडीचा इतिहास मुंबईतून जातो. संगमेश्वर तालुक्यातली कितीतरी घरे मुंबईच्या मनीऑर्डरवर चालली. पुरुष गिरणीत, राहायला दहा-पंधरा जणांत एक खोली, आणि जेवायला खानावळ. या खानावळी चालवणाऱ्या बहुतेक बायका आपल्यासारख्याच, कोकणातून नाहीतर घाटावरून गेलेल्या. एका चुलीवर पंचवीस-तीस जणांचे दोन वेळचे जेवण, आणि किराणा भरायला सावकाराचे कर्ज. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या बायकांना बँकांची कर्जे मिळवून दिली. एवढा मोठा कामगारवर्ग ज्यांनी जेवू घातला, त्यांच्या कामाची कागदावर पहिल्यांदा नोंद झाली ती अशी.

वडापावाचा जन्मही त्याच शहरातला. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर तो सुरू झाला, असे सांगतात. पाळी बदलताना धावत खाता येईल असे ते कामगाराचे जेवण. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि बऱ्याच जणांसाठी तो कधी संपलाच नाही. माणसे गावी परतली. हातात दुसरे कसब नव्हते, पण मुंबईत पाहिलेली एक गोष्ट सोबत आली होती. कोकणातल्या स्टँडबाहेर, नाक्यानाक्यावर ज्या गाड्या उभ्या राहिल्या, त्यांतल्या कितीतरी गाड्यांमागे संपात घरी बसलेला एखादा हात आहे.

आपले गाडीवाले काका त्यांपैकीच. संपानंतर गावी आले, काही वर्षे मिळेल ते काम केले. आपल्या इमारतीचा पाया खणला जात होता तेव्हा गवंड्यांसाठी चहा आणि वडे घेऊन ते इथे पहिल्यांदा आले. जुन्या सभासदांना विचारून पाहा. आपण राहायला आलो त्याच्या आधीपासून ती गाडी इथे आहे.

मध्यंतरी एका दुपारी मी त्यांना सरळ विचारले, "काका, हात कुठे धुता?"

ते म्हणाले, "बाई, पानी लांब हाय. सकाळी दोन कॅन भरून आनतो. त्यातच चाय, त्यातच भांडी, त्यातच हात. पुरवायचा कसा, तुमीच सांगा."

मला उत्तर देता आले नाही, कारण त्या दोन कॅनपासून बारा पावलांवर आपली पाण्याची टाकी आहे.

कायदा काय म्हणतो

सभेत कायद्याचा उल्लेख झाला, म्हणून तोही नीट पाहू. अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ चा. त्याचा सगळा भर भेसळ पकडण्यावर. त्याची जागा अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ याने घेतली आणि ऑगस्ट २०११ पासून त्याचे नियम लागू झाले. या नियमांनी छोट्या गाडीवाल्यालाही नोंदणीत आणले. वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांसाठी नोंदणीची फी ठरली वर्षाला १०० रुपये. पिण्यायोग्य पाणी, झाकणाचा कचऱ्याचा डबा, स्वच्छ कपडे, झाकलेले पदार्थ अशा अपेक्षा त्यात लिहिलेल्या आहेत.

२०१८ साली आणखी काही गोष्टी आल्या, त्या आपल्या रोजच्या उपयोगाच्या आहेत. एक, छापील वर्तमानपत्रात खाण्याचे पदार्थ बांधायला बंदी आली. गरम तेलकट भज्याला शाई लागते आणि ती पोटात जाते. दोन, तळणाचे तेल पुन्हा पुन्हा वापरण्याला मर्यादा आली. ती मोजायला यंत्र लागते, पण तेल काळे पडले, चिकट झाले, तापवल्याबरोबर फेस आणि धूर येऊ लागला, की ते टाकायचे, हे कोणत्याही गृहिणीला कळते. तीन, आपल्या राज्यात कारखान्यात वापरायचा, न खाण्याचा बर्फ निळा करायचा आदेश निघाला. सरबतात, गोळ्यात किंवा मासळीवर निळा बर्फ दिसला तर समजावे, हा पोटात जाण्यासाठी नाही.

दुसरा कायदा पथविक्रेत्यांचा, २०१४ चा. तो नगरपंचायतींनाही लागू आहे. त्यात विक्रेत्यांचे सर्वेक्षण करायचे, प्रमाणपत्र द्यायचे आणि ते पूर्ण होईपर्यंत कोणालाही उठवायचे नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. गाव विक्री समितीत ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींना आहेत, आणि त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रियांना. रहिवाशांच्या संघटनांनाही त्या समितीत स्थान आहे. म्हणजे "यांना हलवा" असे पत्र देण्याऐवजी, समितीत बसून जागा, पाणी आणि कचरा यांबद्दल बोलण्याचा रस्ता कायद्यानेच आपल्याला दिला आहे. २०२० च्या लॉकडाऊननंतर पथविक्रेत्यांसाठी १०,००० रुपयांच्या पहिल्या कर्जाची पीएम स्वनिधी योजना आली, तीसुद्धा हे काम म्हणजे धंदा आहे, उपद्रव नाही, असे मानूनच.

आणि लॉकडाऊनचा विषय निघालाच आहे तर आठवा. बाजार बंद होता तेव्हा फाटकाबाहेर अंतर ठेवून पाटी कोण ठेवून जात होतं? पैसे ताटलीत टाका म्हणणाऱ्या त्याच मावश्या.

आपली परसबाग

आता फाटकाच्या आत येऊ. इमारतीमागची पट्टी पहिली काही वर्षे बांधकामाच्या राबिटाने भरलेली होती. आधी एक कढीपत्ता लागला, मग केळी, मग अळू. आज तिथे मिरची आहे, लिंबू आहे, पावसाळ्यात मांडव आहे. पडवळाचे बी एका भाजीवाल्या मावशीने दिले, तेही "पैसे नको, भाजी झाली की बी परत द्या" या बोलीवर. आपल्या कढीपत्त्याची डहाळी रोज सकाळी गाडीवर जाते आणि बटाट्याच्या भाजीत पडते. म्हणजे गाडी आणि परसबाग यांचा व्यवहार आपण सभेत चर्चा करण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला आहे.

शहरात भाजी पिकवण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला आणि थोड्या जागेत, पालापाचोळ्यातून माती तयार करून, मोजलेल्या पाण्यावर एका कुटुंबाला पुरेल इतके पिकवता येते, हे हिशेबाने मांडले. त्यातून मुंबईतल्या गच्च्यांवर पोत्यांत आणि पिंपांत भाज्या लावणारी माणसे तयार झाली. मुंबई बंदरातल्या कामगारांच्या मध्यवर्ती उपाहारगृहात तर स्वयंपाकघराचा ओला कचरा गच्चीवर नेऊन त्याच्यावर बाग फुलवली गेली. जिथे रोज हजारोंचा स्वयंपाक होतो तिथलाच कचरा, तिथलीच माती. आपल्याला तर गच्चीवर चढायचीही गरज नाही, जमीन आहे. आणि १९७२ पासून आपल्या जिल्ह्यातच, दापोलीला, कोकण कृषी विद्यापीठ आहे. 'कोकण तारा' कारले, 'कोकण हरितपर्णी' अळू हे त्यांचे वाण आपल्याच हवेसाठी काढलेले आहेत.

पण घरचे म्हणजे सुरक्षित, असेही धरून चालू नये. जो नियम गाडीला तोच परसबागेला. अळू सांडपाण्यावर फोफावतो खरा, पण ते पाणी आंघोळीचे की गटाराचे, हे पाहायला हवे. संडासाच्या टाकीजवळ पालेभाजी लावू नये. कोथिंबीर, मुळा, काकडी अशी कच्ची खायची भाजी चांगल्या पाण्यावरच वाढवावी आणि वाहत्या पाण्यात धुवावी. औषध फवारले असेल तर डब्यावर लिहिलेले दिवस थांबावे. पावसाळ्यात काविळीची आणि टायफॉइडची साथ येते ती पाण्यातून, आणि पाण्याला फाटकाच्या आतले कोण आणि बाहेरचे कोण, हे कळत नाही. ज्या विहिरीचे पाणी आपण पितो तिच्यात वेळच्या वेळी ब्लीचिंग पावडर पडते का, हे विचारण्याचा हक्क काकांनाही आहे, कारण त्यांचे गिऱ्हाईक आपणच आहोत.

सभेपुढे ठेवण्यासाठी

इतिहास लिहिणाऱ्याने ठराव मांडू नयेत, असे म्हणतात. मी निवृत्त आहे, म्हणून चार गोष्टी मांडते.

पहिली, फाटकाजवळ आपल्या टाकीवरून एक नळ बाहेर काढावा. त्यावर मीटर बसवावा, पाण्याचे पैसे गाडीवाले काका देतील. हे त्यांना विचारूनच लिहिते आहे. दुसरी, तिथे झाकणाचे दोन डबे ठेवावेत. कांद्याची साले, कोथिंबिरीच्या काड्या, उरलेला पाला आपल्या खताच्या खड्ड्यात येऊ द्यावा. सुका कचरा घंटागाडीत. तिसरी, आपल्या तरुण सभासदांनी काकांची अन्न नोंदणी ऑनलाइन करून द्यावी आणि नोंदणीचा क्रमांक गाडीवर लावावा. वर्तमानपत्राऐवजी कोरा कागद किंवा केळीचे पान वापरावे. केळी आपल्याकडे आहेत. चौथी, मावश्यांसाठी भिंतीलगत फूटभर उंचीचा एक ओटा बांधावा, म्हणजे पाटी चिखलात ठेवावी लागणार नाही. जागा रस्त्याच्या हद्दीत येत असेल तर नगरपंचायतीला पत्र द्यावे ते या ओट्याच्या परवानगीसाठी.

एवढे करूनही काही महिन्यांनी तेल काळेच दिसले आणि कचरा पडलेलाच दिसला, तर तक्रार करायला मी स्वतः पुढे येईन. पण पाणी न देता अस्वच्छतेचा आरोप करणे न्यायाचे नाही. महाडपासून आतापर्यंतचा कोकणाचा इतिहास मला तरी हेच सांगतो.

सुशोभीकरणासाठी जी रक्कम बाजूला काढली आहे, तिच्यातून नळ, डबे आणि ओटा होऊन कुंड्यांनाही पैसे उरतील, असे खजिनदारांचे मत आहे. कुंड्यांत शोभेच्या झाडांऐवजी मिरची आणि पुदिना लावला तर चटणीचीही सोय होईल.

गाडी सकाळी साडेसातला लागते आणि मावश्या आठच्या सुमारास येतात. ज्या सभासदांनी त्यांच्याशी "केवढ्याला?" यापलीकडे कधी बोलणे केलेले नाही, त्यांनी सभेपूर्वी एकदा बोलून यावे.